लाल फुली आणि टोपडं घातलेला वरवंटा

माझे बाबा गेली काही वर्षं इंग्लंडमधल्या मोटरवेंवर रागावून आहेत, आणि मोटरवेंना अजून त्याचा पत्ता नाही.

राग खास करून 'स्मार्ट' मोटरवेवर. पूर्वी मोटरवेच्या कडेला हार्ड शोल्डर नावाचा मोकळा पट्टा असायचा. गाडी बिघडली की तिथे घ्यायची. आता बऱ्याच ठिकाणी तो पट्टाही वाहतुकीला देऊन टाकलाय. त्याऐवजी डोक्यावर पाट्या, कॅमेरे, रडार, आणि अधूनमधून गाडी थांबवायला नारिंगी रंगाच्या जागा. बाबा हाडांचे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलांत जन्मभर लोकांचे निखळलेले खांदे बसवले त्यांनी. "शोल्डर काढून टाकला आणि पेशंट आता जास्त फिट आहे, असं म्हणणाऱ्याशी मी काय बोलणार?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. (येणारा-जाणारा सहसा मीच असते.)

मी ब्रॅकनेलला आयटीत आहे. रस्त्यांशी माझा काडीचा संबंध नाही, पण कॉम्प्युटरला कुणी बोल लावला की मला मनाला लागतं. म्हणून मी दर रविवारी बाबांना रडार समजावून सांगायचे.

"बाबा, गाडी थांबली की सिस्टिमला लगेच कळतं. मग वर लाल फुली लागते, म्हणजे लेन बंद. It works."

"आणि फुली लागेपर्यंत मागच्या ट्रकला कोण सांगणार? तू?"

आई एकदाच बोलली, पण कायमची बोलली. "हार्ड शोल्डर म्हणजे माहेर गं. रोज कोण जातंय? पण आहे म्हटलं की जिवाला बरं वाटतं."

तर अशात हाउन्सलोला माझ्या धाकट्या भावाला, निखिलला, मुलगी झाली. फार वाट बघायला लावून आलेली पोर. बारशाला काय नाव ठेवायचं, हे निखिल, वहिनी आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आई-बाबांनाही नाही. बाळाच्या कानात ते आत्याने सांगायचं, आणि त्याआधी कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. निखिल इथेच जन्मलेला, त्याचं मराठी जरा लंगडतं. "ताई, नाव तूच सांगणार. दुसरा कोणी चालणार नाही मला," तो फोनवर म्हणाला आणि मी भर ऑफिसात डोळे पुसले.

बारशाच्या दिवशी मी पैठणी नेसून स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागे बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन आई. आईच्या शेजारी बाळासाठी घेतलेली नवी कोरी कारसीट, आणि कारसीटमध्ये वरवंटा. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, बाळासारखं टोपडं घालून. आमचा वरवंटा आजीचा, साताऱ्याहून विमानाने आलेला. तिथे घाई नको म्हणून आईने घरीच त्याला लेस लावलेलं गुलाबी टोपडं घातलं, दुपटं गुंडाळलं आणि गडगडू नये म्हणून पट्ट्यांनी बांधून टाकलं.

"ए-थर्टीने जाऊ," बाबा म्हणाले. तो जुना, साधा रस्ता.

"बाबा, एम-फोरवरून पोचलोच समजा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा बरेच दिवस लागत होता. सेन्सर बिघडला असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. दिवा डोळ्यांना टोचतो म्हणून त्यावर गणपतीचा छोटा स्टिकर चिकटवला होता. (विघ्नहर्त्याने निदान विघ्न झाकावं, एवढीच माझी अपेक्षा.)

एम-फोरला, म्हणजे बाबांच्या त्या बिनशोल्डरच्या मोटरवेला लागलो. एक नारिंगी जागा मागे पडली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. मग धपधप असा आवाज सुरू झाला.

"टायर गेला," बाबा शांतपणे म्हणाले. "थांबायची जागा आत्ताच गेली."

"पुढे अजून आहे ना."

"कुठे?"

सगळे दिवे लुकलुकवत मी डाव्या लेनमधून रांगत होते, आणि आरशात एक भलामोठा ट्रक वाढत वाढत चालला होता. मी घाबरले. दर रविवारी ज्यांच्यासमोर रडारची बाजू घेतली, ते दोन्ही जीव माझ्या गाडीत होते. बाबांनी हात गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला. "रांगत राहा. थांबू नकोस," एवढंच म्हणाले.

आणि पुढच्या पाट्यांच्या कमानीवर, आमच्याच लेनवर, लाल फुली उमटली. बाजूच्या लेनवर चाळीसच्या वेगमर्यादेचा आकडा आला. मागचा ट्रक हळू झाला आणि दुसऱ्या लेनमध्ये गेला.

"कुणीतरी बघितलं गं आपल्याला," आई म्हणाली.

नारिंगी जागा आली. गाडीतून डाव्या बाजूनेच उतरायचं, असा इथला नियम. म्हणून ड्रायव्हरबाई पैठणीसकट गिअर ओलांडून, बाबांच्या सीटवर गुडघे टेकून बाहेर पडल्या. पदर हँडब्रेकला अडकला. पाहायला शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले शेकडो लोक होते. आई लाडवांचा डबा घेऊन कठड्यापलीकडे गेली आणि मी तिथला एसओएसचा, थेट कंट्रोल रूमला लागणारा फोन उचलला.

पलीकडून एका बाईंचा प्रेमळ आवाज आला. कोण, किती, कुणाला लागलंय का. आवाज इतका आईसारखा होता की मला रडूच फुटलं. मी नको ते सगळं सांगितलं. भाऊ, भाची, बारसं, पोचणार नाही.

"शांत हो, डार्लिंग. बाळाचं नाव काय ठेवताय?"

मी हळूच सांगितलं. त्यांना वाहतुकीत ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडले, "ओवी! ओवी!"

"Lovely," त्या म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर कठड्यापलीकडे आईने तोंडावर हात ठेवला होता आणि बाबा चष्मा काढून पुसत होते. आईच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आईच्या तोंडून ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. नावाचा मान बाळाच्या कानाचा, आणि तो पहिल्यांदा गेला कंट्रोल रूमला.

थोड्या वेळाने ट्रॅफिक ऑफिसर आला. पिवळं जॅकेट, कोवळा चेहरा. त्याने आम्हाला मोजलं, गाडीत वाकून पाहिलं, आणि पांढराफटक पडला.

"तुम्ही बाळाला गाडीत ठेवलंय?"

"बाळ नाही ते," बाबा म्हणाले. "दगड आहे."

याने परिस्थिती सुधारली नाही. त्याने दार उघडलं, पट्टे सोडले, टोपड्याखाली अलगद हात घालून उचललं, आणि वजनाने त्याचे दोन्ही हात खाली गेले.

"जपून हं," आई कठड्यावरून ओरडली. "Careful! My mother-in-law's!"

त्याने वरवंटा हळूच परत निजवला आणि टोपडं सारखं केलं. आईने त्याला लाडू दिला. त्याने तो निमूटपणे खाल्ला. दुसरा मागून घेतला.

टायर बदलून निघायला फार उशीर झाला. "चालते तुमची सिस्टिम," बाबा वाटेत म्हणाले. "फुली लागली, मी पाहिली. पण आपण रांगत होतो, केतकी. फुली लागायच्या आधी जागीच बंद पडलो असतो तर?" पहिल्यांदाच मी त्यांना रडार समजावलं नाही. मग त्यांनी बोटाने गणपतीचा स्टिकर सोलला. खाली पिवळा दिवा इमानाने लागलेला होता. बाबांनी स्टिकर खिशात टाकला, बस्स.

बारशाच्या हॉलमध्ये सगळे उपाशी बसले होते. वहिनीच्या मावशी केव्हापासून म्हणत होत्या, नाव कुणीही सांगू दे, जेवणं गार होतायत. निखिल पाळण्याशेजारी माझी जागा अडवून उभा होता.

"मी बोललो, ताई येणार," तो म्हणाला. "लेट, पण येणार."

मी पाळण्यात वाकले. ओरडून घसा बसला होता, त्यामुळे कुजबुज फार सुरेख झाली. कुर्रर्र म्हटलं, आणि रिवाजाप्रमाणे पाठीत बुक्के पडायला लागले. भुकेल्या माणसांचे बुक्के मनापासून असतात. पण एक सगळ्यांत जोरात बसला. वळून पाहिलं तर बाबा. जन्मात कधी बारशात पुढे न आलेला माणूस.

समोर लागलेला इशारा मला दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, म्हणून त्यांनी तो मागून दिला.