व्होल्टेजनाना आणि गावच्या मोटरी

गावात कोणी गेल्याची बातमी आली की व्होल्टेजनाना आधी घरात पळायचे आणि रेडिओची पिन भिंतीतून उपटायचे. मग टोपी घालून, चेहरा उतरवून मयताच्या दारी जायचे. लहानपणी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अवाक झाले. शेजारच्या म्हातारीचे डोळेसुद्धा कोणी मिटले नव्हते, आणि या माणसाला रेडिओ सुचतो? ती चीड पुढे कितीतरी वर्षं टिकली. चीड टिकवणं मला चांगलं जमतं.

आमचं गाव साक्रीच्या अलीकडे, विजेच्या लाइनीच्या अगदी शेवटी. मळ्यांतल्या विहिरींवर मोटरी बसल्या तशी गावानं आपली आपणच एक रीत पाडली. मयत झालं की सगळ्यांनी मोटरी बंद करायच्या, त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत. गेलेल्याचा मान म्हणून. मोटरी ओढत असताना मेल्यासारखी पडलेली वीज, त्या एकदम थांबल्या की उसळून घराघरांत शिरायची. पलीकडच्या आळीत बातमी पोचलेली नसायची, तिथे कोणाचा ना कोणाचा रेडिओ चालू असायचा. त्याचा व्हॉल्व्ह जळायचा. माणूस जायचा आणि मागोमाग रेडिओ जायचे. याचं कोणाला काही वाटत नसे, याचाच मला धक्का बसायचा.

नानांना रेडिओचा शौक नव्हता. तो होता अक्कांसाठी. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अर्धांगवायूनं त्या खाटेवर पडून होत्या. शेतकी कार्यक्रम, भजनं, बाजारभाव, बातम्या, जे लागेल ते ऐकायच्या, आणि मग दिवसभर त्यावरून नानांशी भांडायच्या. एकदा रेडिओ जळला. धुळ्याला दुरुस्तीला गेला तो पूर्ण उन्हाळा तिथेच राहिला. तेवढे दिवस अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या, कोणाशी बोलल्या नाहीत. नाना म्हणायचे, "तो बंद पडला की हीही बंद पडते. मला दोन्हीकडचं सांभाळावं लागतं."

धुळ्याला व्होल्टेज सांभाळायची पेटी मिळायची, पण तिच्या किमतीत दुसरा रेडिओ आला असता. नानांनी एका फळीवर होल्डर ठोकला, त्यात साधा दिवा बसवला, आणि रेडिओकडे जाणारी वीज त्या दिव्यातून नेली. वीज उसळली की दिवा भगभगायचा, उसळी आपल्या अंगावर घ्यायचा, रेडिओपर्यंत थोडीच जायची. एरवी त्यामुळे आवाज बारीक यायचा. अक्का कुरकुरायच्या, "हाऊ माणूस आजारी शे का? इतला बारीक बोलस." नानांचं उत्तर ठरलेलं होतं, "बारीक ऐक, पण रोज ऐक." जेवता जेवता, बोलता बोलता त्यांची नजर त्या दिव्यावर असायची. मयताच्या झटक्यापुढे मात्र दिव्याचाही भरवसा नव्हता. म्हणून ते पिन उपटायला पळायचे.

धुळ्याच्या कॉलेजात मी पत्रकं लिहायला शिकले आणि गावात पहिलं पत्रक घेऊन आले ते वीज कार्यालयाविरुद्ध. 'वीज की वैरीण?' असं ठसठशीत शीर्षक होतं. सही करायला पहिले नाना, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं आणि परत दिलं.

"मोटरी हापिसानं बंद केल्या का पोरी? एकेकानं, थांबत थांबत बंद केल्या तरी भागतं. गावाला सांग."

"म्हणजे दोष आपलाच?"

"तसं छाप ना मग. बघू किती जण वाचतात."

मी तसंही छापलं. आमचे पोलीसपाटील दगाआबा यांनी त्यात शेव बांधून घरी नेली. लाइन कच्ची होती आणि कार्यालय झोपलेलं होतं, हे माझं मत आजही तेच आहे. पण शेव बांधलेला तो कागद मी विसरलेले नाही.

अक्का गेल्या त्या सकाळी मी गावातच होते. पिन मी उपटली, नाना उशाशी बसून होते. माणसं जमली, बांबू आले. तेव्हा नाना उठून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मोटरी चालू राहू द्या."

मयताचा मान नाकारणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. मीही नाही.

दगाआबा पुढे आले. "नाना, बायको आहे ती तुझी. बेवारस आहे का?"

"तीच सांगून गेली. मी मरनू तरी मोटरी बंद करू नका, बठ्ठासना रेडिओ जळतीन, साऱ्या गावाचे, असं म्हणाली."

"बाईमाणसाचं बोलणं. दुखण्यात माणूस काहीही बोलतं."

नानांनी आणखी काही म्हणायच्या आत दगाआबांनी मळ्यांकडे माणसं पिटाळली. आम्ही बायका मागे दारातच थांबलो. तिरडी उचलली, आणि सगळ्या शिवारातला तो घुर्र आवाज एकदम थांबला. पलीकडच्या आळीत त्या दिवशी जे रेडिओ जळले, त्यांत दगाआबांचाही होता. आतल्या खोलीत चालू राहिला होता, कोणाच्या लक्षात नव्हतं.

सुतक फिटायच्या आत दगाआबा काखेत रेडिओ घेऊन नानांकडे आले. याला काय म्हणावं, मला कळेना. नानांनी फळी शोधली, होल्डर ठोकायला घेतला. दगाआबांनी खाली बघत विचारलं, "पुढच्या मयताला कसं करायचं?"

"माझ्या मयताला खुशाल बंद करा," नाना म्हणाले. "माझ्याकडे ऐकणारं आता कोणी नाही."

त्यानंतर त्यांचा रेडिओ कधी लागलेला मी ऐकला नाही.

नाना गेल्याचा निरोप मला धुळ्याला मिळाला. एसटीतून फाट्यावर उतरले आणि मळ्यांमधून चालायला लागले, तर दोन्ही बाजूंना मोटरी चालू होत्या. पाटाला पाणी धो धो वाहत होतं. मोटरी एकदम बंद करू नका म्हणून पत्रकं वाटलेली मी, पण त्या क्षणी मला वाटलं, एकेकाच्या विहिरीवर जाऊन खटका पाडावा. तशीच तरातरा दगाआबांच्या ओट्यावर गेले.

"आबा, नानांच्या मयताला मोटरी चालू?"

ते नुकतेच नदीवरून येऊन, अंघोळ करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पलीकडच्या आळीत मोहनची पोरगी तापानं पडली आहे. दिवसभर रेडिओ कानाशी धरून असते," ते म्हणाले. "नानानं बंद करा म्हणून सांगितलं होतं, अक्कानं तिच्या वेळी नको म्हणून. आम्ही दोघांचंही ऐकलं नाही."

मग ते उठले, आत गेले, आणि नानांच्या दिव्यावर बारीक चाललेला रेडिओ त्यांनी बंद केला.