व्याह्यांच्या घरी अफूची गोष्ट

जपानच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या आमची खसखस गेली. कस्टमच्या तरुणाने पुडी उघडली आणि कमरेत वाकून माफी मागत ती ठेवून घेतली. अफूच्या बोंडातलं कच्चं बी, म्हणून तिथे आणायला बंदी. अनारशांचं पीठ तेवढं सुटलं. "आई, पहिल्याच दिवशी अफूच्या भानगडीत सापडलीस," न्यायला आलेला अमेय, आमचा मुलगा, हसत म्हणाला.

अमेय तोक्योत निशी-कसाईला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथल्या मोठ्या भूकंपानंतर आम्ही फोनवर रडून त्याला पुण्याला बोलावलं होतं. पठ्ठ्या आला नाही. कारण नंतर कळलं. कारणाचं नाव मेइ, योकोहामाच्या चुकागाईतली (चिनी वस्तीतली) मुलगी. तिच्या घरात शब्द आजोबांचा, आणि त्यांचा होकार अडला होता. आम्ही दोघं आलो होतो ते त्यासाठीच.

रविवारी आगगाडीने योकोहामाला गेलो. चुकागाईच्या लाल-सोनेरी कमानीखाली वाफाळत्या पावांच्या करंड्याच करंड्या होत्या, पण प्रत्येकात मांस. भाजलेले चेस्टनट (शिंगाड्यासारखं फळ) विकणाऱ्या एका बाईने माझा पडलेला चेहरा पाहून हातावर दोन गरम चेस्टनट ठेवले. पैसे काही घेतले नाहीत.

मेइचं घर चहाच्या दुकानावर होतं. आजोबा कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते. खसखशीऐवजी तिळावर थापलेले माझे अनारसे पाहून ते म्हणाले, "तीळ लावून तळलेलं गोड? हे तर आमचंच." मला हायसं वाटलं. मी त्यांच्या कपात चहा ओतला, तर ते बोटांनी टेबलावर टकटक करू लागले. घाई असेल म्हणून मी आणखी ओतला आणि बशीत तळं केलं. "आई, ते थँक्यू म्हणतायत," मेइने शिकलेल्या मराठीत सांगितलं.

मग आजोबांनी जपानीत काहीतरी विचारलं. अमेयचा आवाज खाली गेला. "ते म्हणतायत, तुमच्या मुंबईहून चीनमधल्या आमच्या कँटनला अफू यायची, ठाऊक आहे का?"

मी शेजारी बसलेल्या आमच्या यांच्याकडे पाहिलं. हे निवृत्त इतिहास शिक्षक. आता इंग्रजांवर ढकलून मोकळे होणार असं मला वाटलं.

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "माळव्यातली अफू मुंबई बंदरातून जायची. राज्य इंग्रजांचं, पण त्या धंद्यात शेठ आणि दलाल आमचेही होते. चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्याने ती जप्त करून नष्ट केली, तर इंग्रज लढायला आले. तहात हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं उघडायला लावली आणि वर भरपाईही चीनकडूनच. दुसऱ्या अफूयुद्धात तर अफूचा व्यापार उघड कायदेशीर झाला."

अमेय आणि मेइने मिळून ते जपानीत सांगितलं. 

"चीनची ती दशा पाहून जपानने न लढताच बंदरं उघडली," आजोबा म्हणाले. "गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर त्यांचा स्वयंपाकी म्हणून माझा पणजा इथे आला. ते तह झाले नसते तर मी इथे नसतो. तरी मी त्यांचे आभार मानणार नाही. आता सांगा, उद्या या दोघांचं मूल विचारील, अफू पाठवणारे आपले, की ज्यांची घरं त्यात बुडाली ती माणसं आपली?"

यांच्या आधी मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच. म्हणाले, "दोन्ही आपलेच, असं सांगू. लपवायचं काही नाही."

मेइने ते भाषांतर करून सांगितलं. आजोबांनी सुनेला, म्हणजे मेइच्या आईला, हाक मारून भिंतीवरचं चिनी पंचांग काढून आणायला सांगितलं. मुहूर्त बघायला. मेइ तोंड झाकून रडायला लागली, आणि मीही.

आठवड्याने परतलो. विमान खाली आलं तसा मुंबईचा किनारा आणि बोटी दिसल्या. शाळेत अफूयुद्ध म्हणजे माझ्यासाठी दोन मार्कांची टीप होती. मुंबईचं बंदर मला लहानपणापासून आवडतं, अजूनही आवडतं. पण तिथून सुटलेली काही जहाजं माझ्या सुनेच्या माणसांच्या दारात गेली होती, हे आता माझ्याच घरातलं झालं आहे.