दोन्ही नकाशे जुळेपर्यंत

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. उसाच्या सरीत वाळल्या पानांचं पाचट साठतं तसे ते साठतात. आज आवरलं म्हणावं, तर उद्या पाय पुन्हा त्यातच. आमच्या बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीच्या घराच्या पुढच्या खोलीत अख्खा एक गळीत हंगाम दोन पोरी नकाशा करत बसल्या होत्या. त्या हंगामातलेच इतके साठलेत, की रोज एक सांगितला तरी पुरतील. आता खोलीत ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पोरी म्हणजे माझी नात वैशाली आणि तिची मैत्रीण रेश्मा, लोणी भापकरची. पुण्याच्या एका कंपनीनं दोघींना काम दिलेलं. कारखान्याच्या सभासदांपैकी कुणाचा ऊस कुठं उभा आहे, ते नकाशावर मांडायचं. नवी लागण हिरवी, तोडीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा पिवळा, तोड झालेलं रान तपकिरी. मला अक्षर येत नाही, पण हे रंग मला दुसऱ्या दिवशीच पाठ झाले.

नकाशा व्हायचा संगणकावर. तिथून तो ऑनलाइन जायचा आणि साहेब लोक, ऊसतोडीचे मुकादम आपापल्या मोबाइलवर बघायचे. भानगड एकच. संगणकावर जे दिसायचं, ते मोबाइलवर तसं दिसायचं नाही.

कंपनीनं सांगून ठेवलं होतं, दोन्हीकडं नकाशा सारखा दिसेपर्यंत गावातच बसा, शेतकऱ्यांना विचारायला बरं पडेल. जुळला की पुण्याच्या ऑफिसात या, तिथंच राहायची सोय आहे.

पोरींना जुळवायची घाई. मला नव्हती.

* * *

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या शेतकी साहेबांचा फोन. "मॅडम, मला नुसता करडा चौकोन दिसतोय. ऊस कुठंय?"

इकडं संगणकावर सगळा तालुका रंगलेला. पोरींनी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, की ऑनलाइन नकाशा दाखवायची परवानगी पुण्याच्या ऑफिसातला एकच माणूस देऊ शकतो. त्यानं एका ठिकाणी टिचकी मारायची, बस. आणि तो गेलेला मेव्हण्याच्या लग्नाला.

मी म्हटलं, "म्हंजे जिनं काम केलं तिला परवानगी न्हाय, आन् ज्याच्याकडं परवानगी हाय तो वरातीत नाचतोय."

रेश्मा म्हणाली, "आज्जी, हे कंपनीला तुमीच सांगा. आमचं कोण ऐकत न्हाय."

तो येईपर्यंत पोरी रिकाम्या. मी हुलग्याची शेंगोळी केली. दोघींनी पातेलं पुसून खाल्लं.

* * *

मग लोणीचा घोळ झाला. मोबाइलवर लोणी भापकरचा सगळा ऊस जागेवरून गायब. शोधला, तर तो पुण्याजवळच्या दुसऱ्याच लोणीत उभा. त्यात रेश्माच्या वडलांचाही. त्यांचा फोन आला, "पोरी, मी रानातच उभा हाय. ऊस माझ्या डोळ्यापुढं हाय. तुझा मोबाइल म्हणतोय तो पुण्याला गेला. आता पाणी कुठं सोडू?"

संगणकावर पोरींनी जिल्हा-तालुका नेमून दिलेला होता, पण ऑनलाइन जाताना तो गळायचा आणि गावाचं नुसतं पहिलं नाव उरायचं.

मी म्हटलं, "लग्नाची पत्रिका टाकताना आपण नुसतं लोणी लिहितो व्हय? पुरं गाव लिहितो, तालुका लिहितो, जिल्हा लिहितो. नकाशाला बी तसंच सांगा की."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, रेश्माकडं बघितलं आणि टाइप करायला घेतलं. दुपारच्या चहापर्यंत ऊस घरी आला.

* * *

आमच्या भावकीत एक तात्या आहेत. त्यांचं एक रान कऱ्हाटीत, दुसरं इंदापूरजवळ. थोरला लेक इकडं, धाकटा तिकडं. तात्या पंधरा दिवस ह्याच्याकडं, पंधरा दिवस त्याच्याकडं.

संगणकावर त्यांची दोन्ही रानं बरोबर दिसायची. मोबाइलवर मात्र तात्यांच्या नावाचा एकच ठिपका, तोही बारामतीच्या पुढं, कुणाच्या तरी द्राक्षबागेत. मुकादम बिचारा ठिपका बघत कोयतेवाले घेऊन तिथं गेला. बागवाला काठी घेऊन आडवा आला.

पोरींनी शोधलं. एका नावाची दोन ठिकाणं दिसली, की ऑनलाइनवाला नकाशा दोन्हींची सरासरी काढून मधोमध ठिपका देत होता. संगणकावर 'अशी सरासरी काढू नको' म्हणून सांगितलेलं, ऑनलाइनवाल्याला सांगायचं राहिलेलं.

तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. वैशालीनं त्यांना हे समजावून सांगितलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुझा मोबाइल खोटं बोलत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "हितं असलो की तिकडची आठवण, तिकडं असलो की हितली. मी मधीच असतोय."

त्या दिवशी दुरुस्ती करायला पोरींचा हात जरा उशिरानंच वळला.

* * *

सगळ्यात मोठा घोळ माझाच निघाला.

तोड झालेली रानं संगणकावर तपकिरी व्हायची आणि मोबाइलवर आठवडा झाला तरी पिवळीच. साहेब चिडले. "रान मोकळं झालंय आणि तुमच्या नकाशात ऊस डोलतोय. मी माणसं कुठं पाठवू?"

पोरींनी चार दिवस जेवणाकडं बघितलं नाही. पुण्याहून फोनवर फोन. ऑनलाइनवाला नकाशा रोज संध्याकाळी आमच्या संगणकातून तोडीची ताजी माहिती ओढून घ्यायचा. मग ती मिळत का नाही?

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावायच्या आधी मी सवयीप्रमाणं घरातली नसती बटणं बंद करत फिरले. पंखा बंद. बाहेरचा बल्ब बंद. पुढच्या खोलीतलं संगणकाचं बटण बंद.

मागं रेश्मा उभी होती. "वैशाली," ती एवढंच म्हणाली, "सापडलं."

पोरी जमिनीवर बसून हसल्या. मला हसू आलं नाही. एका बटणावर एवढं अडतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि नंतर हंगाम सरत आला, एकेक चूक मिटत गेली, तेव्हा एका संध्याकाळी माझं बोट त्या बटणावर जाऊन थांबलं. पोरी गोठ्याकडं गेलेल्या. कुणी बघत नव्हतं.

मी बोट मागं घेतलं आणि दिवा लावला.

* * *

एका सोमवारी दोन्ही नकाशे जुळले. पोरींनी मोबाइल संगणकाला टेकवून एकेक रान ताडून बघितलं. साहेबांनी पेढे पाठवले. आठवड्यात दोघी पुण्याला गेल्या, संगणकही गेला. जाताना वैशालीनं तोच नकाशा माझ्या मोबाइलवर घालून दिला. "हे बघ आज्जी, ही आपली हिरवी लागण. करमलं न्हाय तर बघत जा."

बघत गेले. महिनाभर रोज बघितला. मग फोन लावला.

"अगं, माझ्या मोबाइलवर आपला ऊस दिसत न्हाय."

"आज्जी, माझ्याकडं तर दिसतोय."

"तुझ्याकडं दिसत असंल. माझ्याकडं न्हाय."

"बंद करून चालू कर."

"केला."

"मग स्क्रीनचा फोटो पाठव मला."

"मला फोटो पाठवता येत न्हाय."

आदल्या दिवशीच मी तिला कालवडीचे तीन फोटो पाठवले होते. "बरं, येते मी बघायला," ती म्हणाली.

रविवारी सकाळच्या एसटीनं आली. पाठीवरची सॅक न काढताच उंबऱ्यात उभी राहिली आणि हात पुढं केला. मी मोबाइल दिला. तिनं नकाशा उघडला. आमचं रान होतं तिथंच होतं, हिरवंगार. तिनं दोन बोटांनी ते मोठं केलं, बारीक केलं, परत मोठं केलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही, सॅककडं बघत होते.

तिनं सॅक काढली आणि खुंटीला अडकवली.

"अवघड हाय, आज्जी," ती म्हणाली. "दोन दिवस तरी लागतील."