फाट्यावर ओढून आणलेले अपघात

मी काढलेला पहिला नकाशा चुकला होता, हे मीच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो.

मी तळेगावची. सिव्हिल इंजिनिअर झाले आणि रस्त्यांवरच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीत लागले. अपघात कुठे झाला, किती वाजता, कोणती गाडी, रस्ता ओला होता की कोरडा, अशा पोलिसांकडच्या नोंदी मिळवायच्या, नकाशावर मांडायच्या आणि जिथे ठिपक्यांची गर्दी दिसेल तिथे रस्त्यात काय सुधारायचं ते सुचवायचं, हे आमचं काम. माझ्या वाट्याला पहिलाच रस्ता आला तो मावळातला जुना हायवे. त्याच रस्त्यावर अब्बांची क्रेन चालते. उलटलेली, चेपलेली गाडी उचलायची आणि वाहतूक मोकळी करून द्यायची, हा त्यांचा धंदा. अब्बांची शाळा चौथीत सुटली. आता आपण अब्बांना त्यांचाच रस्ता शिकवणार, असं माझ्या मनात होतं. शिंगं फुटली होती म्हणा ना.

वडगाव सोडून लोणावळ्याकडे निघालं की एका गावाचा फाटा लागतो. तिथे दुभाजकात रस्ता ओलांडायला एक तोंड ठेवलंय, कडेला भरपूर मोकळी जागा, चिंचेचं झाड आणि चहाची टपरी. माझ्या नकाशात तिथे ठिपक्यावर ठिपका पडून चांगला लालभडक डाग झाला होता. मी अनुमान काढलं की लोक तिथून रस्ता ओलांडतात म्हणून गाड्या ठोकतात. उपाय सोपा होता, दुभाजकाचं तोंड बंद करायचं. अहवालात मी तसं लिहिलं आणि गावाला सांगायला लॅपटॉप घेऊन ग्रामपंचायतीत गेले.

मी पडद्यावर लाल डाग दाखवला. मागून एक मावशी उठल्या. त्यांचं घर रस्त्याच्या अलीकडे, शेत आणि म्हशींचा गोठा पलीकडे. सकाळ-संध्याकाळ धारा काढायला त्या याच तोंडातून जायच्या. गावातली निम्मी घरं तशीच. तोंड बंद झालं तर त्यांना पुढच्या पुलाखालून वळसा घालावा लागणार होता, तोही डोक्यावर वैरण आणि हातात दुधाची किटली घेऊन.

"आगं बाय," त्या म्हणाल्या, "आमी रोज जातोय हितनं. हितं कुत्रं सुदीक मेलं न्हाई कवा. तुला ह्ये कुनी सांगितलं?"

"मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले.

"मंग त्या आकड्यालाच धाड माज्या म्हशींकडं, वळसा घालून!"

सगळी सभा हसली. अडाणी लोकांना कळत नाही, असं मी मनात म्हणाले; आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी अब्बा नमाजहून आले आणि जेवायला बसले. वाढता वाढता मी गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखव तुझा नकाशा." मी फोनवर दाखवला. बोटाने मोठा करत करत ते फाट्यापर्यंत आले आणि त्यांचा घास तसाच हातात राहिला.

"बेटा, या सगळ्या गाड्या इथं मीच आणून ठेवल्यात."

मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावलं. त्या पट्ट्यात गाडी बाजूला घ्यायला जागा अशी फाट्यावरच. त्यामुळे अपघात कुठेही होवो, जखमींना नेलं की अब्बा गाडी ओढत फाट्यावर आणायचे. पोलीस पंचनामाही तिथेच करायचे, कारण बसायला चिंचेची सावली आणि पंच म्हणून सह्या करायला टपरीवर दोन माणसं हमखास. हल्ली नोंद मोबाइलवर होते आणि बटण दाबाल तिथलं ठिकाण आपोआप पडतं. म्हणजे माझे ठिपके मीटरभरसुद्धा हललेले नव्हते, फक्त ते पंचनाम्याच्या जागेचे होते. अपघात झाले होते दुसरीकडेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्याने गाड्या उचलल्या तो माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं रस्त्यावर गेलो. अब्बांनी मैदान आखायची फक्की पिशवीत घेतली होती. फाट्यापुढे ओढ्यावरची मोरी आहे आणि मोरी ओलांडली की वळण. त्या भागात कडेच्या मातीत ते फक्कीच्या फुल्या मारत चालले आणि मी मागून प्रत्येक फुलीची जागा फोनवर नोंदवत. "इथं कांद्याचा टेम्पो, डाव्या कुशीवर. इथं दुधाची गाडी. इथं ती पांढरी कार, तोंड उलटं फिरलेलं." मी विचारलं, इतकं कसं लक्षात राहतं? म्हणाले, "गाडी कशी पडलीय ते नीट बघितल्याशिवाय हूक लावता येत नाही. एकदा बघितलं की विसरता येत नाही." एका जागी ते नुसतेच उभे राहिले. तिथे स्कूटरवरचे नवरा-बायको गेले होते. थोड्या वेळाने त्यांनी तिथेही फुली मारली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले.

परतताना ते म्हणाले, "रस्ता इथं उलटा झुकलाय. पाणी आतल्या अंगाला जायला हवं, ते बाहेर जातं. गाडीही त्याच्यामागं जाते." दुसऱ्या दिवशी मी यंत्र लावून उतार मोजला. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं निदान अगदी बरोबर निघालं.

ऑफिसात साहेब म्हणाले, "एका माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत." मला संताप आला, पण त्यांचं खरं होतं. मग मी विचार केला, क्रेनच्या आधी तिथे कोण पोचतं? अॅम्ब्युलन्स. ती पहिल्यांदा कुठे थांबली याची नोंद तिच्या यंत्रणेत राहते. अर्ज केले, खेटे घातले आणि त्या नोंदी मिळवल्या. अब्बांच्या फुल्या एका रंगात आणि अॅम्ब्युलन्सचे थांबे दुसऱ्या रंगात, असे एकाच नकाशावर टाकले. फाटा रिकामा झाला. सगळे ठिपके मोरीपुढच्या वळणावर जाऊन बसले, बहुतेक एकमेकांना चिकटून. एकच फुली अॅम्ब्युलन्सच्या थांब्यापासून दूर, मोरीच्या अलीकडे राहिली होती. अब्बांना दाखवली तर म्हणाले, "ती चूक माझी. त्या दिवशी धुकं फार होतं." साहेबांनी चष्मा काढून नकाशा दोनदा पाहिला आणि मला म्हणाले, "वडिलांना एकदा ऑफिसात चहाला घेऊन या."

मी पुन्हा ग्रामपंचायतीत गेले आणि पहिल्यांदा मावशींची माफी मागितली. "मावशी, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं. तोंड उघडं ऱ्हातंय न्हवं?" दुभाजकाचं तोंड उघडं राहिलं. वळणाचा उतार सुधारला, पाण्याला गटार काढलं, चकाकणारे बाण लागले आणि टायर पकडून धरेल असा खरखरीत थर पडला. नोंदीची पद्धतही बदलली: आधी पोलिसांनी गाडी पडली तिथे उभं राहून बटण दाबायचं, मगच क्रेनवाल्याने हूक लावायचा. तालुक्यातल्या क्रेनवाल्यांना हे सांगायला बैठक घेतली तेव्हा मी सगळी आकृती काढून नेली होती. पण त्यांनी ऐकलं ते अब्बांचं. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

त्यानंतरचा सगळा पावसाळा गेला. परवा मी फाट्यावर चहाला थांबले तर अब्बांची क्रेन चिंचेखाली उभी होती, हूक वर बांधलेला. टपरीवर लोणावळ्याला निघालेलं एक अनोळखी कुटुंब चहा पीत होतं. अब्बा त्यांना वळण दाखवून सांगत होते, "त्या वळणावरनं पावसाळाभर मला एक फोन नाही. कोणामुळे? ही बघा, हीच आली. माझ्या पोरीनं माझा धंदा बुडवला!" आणि छाती काढून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.