पाहुण्यांचे गुडघे आणि आमचं वायफाय

सांगलीजवळ एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मी राहत होते, तेव्हा तिथे वायफाय आलं. म्हणजे पोर्चपर्यंत आलं.

आराखड्यात प्रत्येक मजल्यावर वायफायचा एक डबा होता. पण उद्घाटनाच्या पाहुण्यांचे गुडघे दुखतात असं कळलं. डब्याला हार घालायचा तर त्यांना जिना चढायला नको, हातही पोचायला हवा. म्हणून सगळे डबे पोर्चच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीला, ओळीने लागले. पाहुण्यांनी प्रत्येकाला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, खाली संगमरवरी पाटी बसली. नंतर डबे वर न्यायचे होते. पण पाटी खाली आणि डबे वर हे बरं दिसेना.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. नोकरीची ऑनलाइन मुलाखत आली होती, आणि ती हुकली तर पाटणला परत येऊन स्थळं बघायची, असं घरी ठरलेलं. मी रेक्टर मॅडमना म्हटलं, एक तरी डबा वर लावा.

"लय शानी हायेस! पाहुन्यांनी हार घातलेला डबा काढू व्हय?"

मुलाखत संध्याकाळची. पोर्चचं लोखंडी गजांचं जाळीचं दार सातला बंद व्हायचं, आमच्या सुरक्षिततेसाठी. डबे बाहेर, आम्ही आत. जाळीला टेकलं की थोडं नेटवर्क यायचं, म्हणून मी तिथेच फरशीवर बसले.

"आबा, जरा कुलूप काढा की," मी वॉचमनला म्हटलं.

"न्हाई पोरी. मॅडमचा हुकूम हाय."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या तोंडावर गजांच्या सावल्या दिसतायत. तुम्ही नक्की कुठे आहात?" मी वसतिगृहात म्हणेपर्यंत जेवण उरकून बाकीच्या मुली फोन घेऊन जाळीला येऊन चिकटल्या. चित्र गोठलं, बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि मग पडदा काळा झाला. पुन्हा काही जोडलं गेलं नाही. मी सगळ्यांदेखत रडले, मोठ्याने.

तेव्हाच मॅडम बाहेरून फोटो काढत होत्या. विद्यापीठाच्या वार्षिक अंकात तो आला. गज दिसू नयेत म्हणून अगदी जवळून, मधोमध मी, डोळे सुजलेले. खाली छापलं होतं, 'मोफत वायफायचा आनंद घेताना विद्यार्थिनी'.

तो अंक आईने जपून ठेवला. पहिलं स्थळ आलं तेव्हा पोह्यांच्या बश्या फिरल्यावर तिने तो पाहुण्यांपुढे उघडला आणि कौतुकाने म्हणाली, "बघा, फोटू छापून आलाय आमच्या पोरीचा."