दुसरा भोंगा होईपर्यंत

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांतले परळचे किस्से सांगायला बसलो की एकातून दुसरा निघत राहतो. आमच्या चाळीची एक समिती होती आणि तिचा चिटणीस मी. माझी कचेरी दहाची, बाकी सगळे गिरणीत. त्यामुळे बैठक सकाळी, पहिल्या आणि दुसऱ्या भोंग्याच्या मधल्या अर्ध्या तासात. दुसरा भोंगा झाला की पुढ्यात असेल तो ठराव मंजूर!

*

एकदा हौसेने रविवारी बैठक घेतली. घाई कुणालाच नव्हती. फलक पांढरा की भगवा यावर चार तास गेले, तीनदा चहा झाला आणि विषय सोमवारवर ढकलला. सोमवारी भोंग्याबरोबर निळा ठरला. निळा कुणी सुचवला, ते मला आजही ठाऊक नाही.

*

मोर्चाचा रस्ताही असाच ठरला. आमचे अध्यक्ष साळवी, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम. त्यांनी घाईघाईत मागची गल्ली सुचवली. गल्लीच्या टोकाला नवी भिंत उठली होती. मोर्चा जागच्या जागी फिरला, साळवी सगळ्यांच्या मागे गेले आणि मागून रेंगाळत येणारे पुढारी झाले! समितीतला एक जण त्या भिंतीला लागूनच राहायचा. त्याला जाब विचारला तर म्हणाला, "सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं, भिंत पाडली असेल."

*

मग सत्याग्रहाच्या तुकडीचा म्होरक्या निवडायची वेळ आली. म्होरक्या म्हणजे अटक नक्की, महिनाभर तरी तुरुंग. तुकडी त्याच सकाळी निघणार होती. अर्धा तास सगळे जमिनीकडे बघत बसले. शेवटी साळवी म्हणाले, "परब चालेल?"

परब मध्यरात्री सुटणारी पाळी करून घरी झोपला होता. भोंगा झाला, हात वर गेले. सर्वानुमते. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

निरोप घेऊन मीच गेलो. परब उठला, ऐकून घेतलं, टोपी घातली आणि निघाला. त्याची बायको गिरणीत वाइंडिंग खात्यात, तिची वेळ जरा उशिराची. ती कामावर गेली की चार महिन्यांचं पोर परबच सांभाळायचा. चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं.

ती दारातच उभी होती.

"भावोजी, तुम्ही पण हात वर केलात?"

"हो."

तिने पोर माझ्या हातात दिलं.

"मग धरा. मी कामावर चालले."