ताहसासची पंचवीस तारीख

दसे गावात कोर्टाच्या भिंतीला टेकून अडमासू तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलेला. आपलं इथलं साल फिरंग्यांच्या सात-आठ वर्षं मागे; परदेशी जायचं तर जन्मतारीख फिरंगी सालात मांडावी लागते, आणि ते काम करावं तर अडमासूनंच. नियम त्याला तोंडपाठ. सप्टेंबरात आपलं नवं वर्ष लागल्यापासून फिरंग्यांचा डिसेंबर सरेपर्यंत आपल्या सालात सात मिळवायचे, जानेवारी उजाडला की आठ. कुणी बोटांवर मोजायला लागलं की हा खेकसे, "बोटं राहू दे कॉफी ढवळायला!"

बायको ऐनालेम दहा वर्षं अमेरिकेत म्हाताऱ्यांची उस्तवार करत होती. एकवीस वर्षांच्या आतलं मूल तिला बोलावून घेता येणार होतं. लेक हिरुत वीस वर्षांची. अडमासूनं चिठ्ठीवर तिची फिरंगी तारीख लिहून दिली, हिरुतनं ती नगरपालिकेत नेली, कारकुनानं तीच जन्मदाखल्यावर उतरवली.

वर्षभरानं अमेरिकेकडून नकार आला. अर्ज केला तेव्हाच वय एकवीस पूर्ण, म्हणे.

"एकवीस? डोळे फुटले का मेल्यांचे?" अडमासू ओरडला.

हिरुतनं ती जुनी चिठ्ठी पुढे केली. जन्म ताहसास महिन्यातला, पंचवीस तारखेचा. ताहसास म्हणजे डिसेंबर, म्हणजे सात. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला होता. पण ताहसासचे शेवटचे आठ दिवस जानेवारीत पडतात. आठ मिळवायला हवे होते. पोरगी कागदावर वर्षभरानं थोरली झाली होती, आणि अक्षर बापाचं.

दुरुस्ती मागितली, तर नकारानंतर बदललेली तारीख चालत नाही, असा शेरा आला. तोवर हिरुत खरोखरीच एकवीस ओलांडून गेली होती.

"कारकुनानं घोळ घातला," असं अडमासू गावभर सांगत सुटला. हिरुतनं ती चिठ्ठी कुणाला दाखवली नाही.

रविवारी ऐनालेमचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "कुणी केलं गं हे?"

हिरुतनं बापाकडे पाहिलं. "कारकुनानं, आई."

"हात झडोत त्याचे! पण अगं वेडे, दाखला मिळाल्यावर बापाला, आबायेंना दाखवायचास की नाही? त्यांच्या नजरेतून सुटलं असतं का हे?"

हिरुतनं फोन बापापुढे धरला. अडमासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय सांगू तुला," तो म्हणाला, "दाखवलाच नाही गं तिनं मला."